गाडी गेटच्या आत होती की बाहेर? सोसायटीच्या पार्किंगमधून गाडी उचलली गेली तर काय करायचं

मुलुंडच्या आमच्या सोसायटीत मी सहा वर्षं कमिटीत होतो. एका वर्षी गणपतीच्या दोन दिवस आधी तिसऱ्या मजल्यावरचे भाडेकरू सावंतवाडीला गेले. गाडी नेहमीच्या जागेवर, हँडब्रेक लावलेला, चावी त्यांच्याबरोबर. त्यांच्या गाडीच्या मागच्या चाकापाशी जमिनीखालच्या टाकीचं झाकण होतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टाकी साफ करणारे येणार होते. फोन लागेना. गावात रेंज नव्हती. रात्री कमिटीतल्या दोघांनी ओळखीचा क्रेनवाला बोलावला, गाडी गेटबाहेर ओढली आणि फुटपाथला लागून उभी केली. सकाळी दहाच्या सुमारास वाहतूक पोलिसांच्या टोइंग व्हॅनने ती तिथून उचलली. हे कुटुंब सहाव्या दिवशी परतलं तेव्हा जागेवर गाडी नव्हती, पेव्हर ब्लॉकवर टायर फरफटल्याचे दोन काळे पट्टे तेवढे होते. गाडी चोरीला गेली असं समजून ते थेट पोलीस ठाण्यात गेले.

त्या प्रकरणात कोण चुकलं आणि खर्च कोणी द्यायचा, यावर आमच्याकडे दोन महिने वाद चालला. त्यातून आणि नंतर नातेवाइकांच्या सोसायट्यांतली अशी चार-पाच प्रकरणं निस्तरताना जे शिकलो ते इथे क्रमाने लिहितो आहे. सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करा: उचलली तेव्हा गाडी गेटच्या आत होती की बाहेर? पुढचं सगळं या एका प्रश्नावर ठरतं. लोक नेमका हाच प्रश्न सोडून कोणी उचलली यावर आरडाओरडा करत बसतात.

पहिला तास: गाडी कुठे आहे ते शोधा, जागेचे फोटो काढा

जागा रिकामी दिसली की हात थरथरतात, तरी आधी मोबाइल काढा आणि आहे तशा जागेचे फोटो आणि व्हिडिओ घ्या. पार्किंगचा क्रमांक, रंगवलेल्या रेषा, जमिनीवरचे ओरखडे, सांडलेलं तेल, तुटलेल्या प्लास्टिकचे तुकडे, शेजारच्या गाड्या, सगळं टिपा. तासाभरात तिथे दुसरी गाडी लागते किंवा झाडूवाला येऊन झाडून जातो.

मग वॉचमनकडे जा. त्याच्यावर ओरडू नका, तो तुमचा सगळ्यात महत्त्वाचा साक्षीदार आहे आणि बहुतेक वेळा त्याला जे सांगितलं गेलं तेच त्याने केलेलं असतं. गेटचं रजिस्टर मागा. आमच्या प्रकरणात त्यातली एक ओळ निर्णायक ठरली: ‘रात्री ११.४०, क्रेन आत’. पुढे क्रेनचा नंबर आणि कमिटीतल्या एकाची सही. त्या पानाचा तारखेसकट फोटो घ्या.

सीसीटीव्हीचं फुटेज त्याच दिवशी लेखी मागा. साध्या डीव्हीआरमध्ये (चित्रीकरण साठवणाऱ्या यंत्रात) काही दिवसांनी जुन्या चित्रीकरणावर नवं चढतं, मग कोणी कितीही शपथा घेतल्या तरी फुटेज मिळत नाही. सेक्रेटरींना दोन ओळींचा मेल टाका: अमुक तारखेच्या रात्री ९ ते सकाळी ११ पर्यंतचं गेटचं आणि स्टिल्टचं (इमारतीखालच्या खांबांमधल्या पार्किंगचं) फुटेज जपून ठेवावं आणि मला प्रत द्यावी. व्हॉट्सअॅप ग्रुपवर नको. तिथे विषय सुरू झाला की पन्नास जण मत देतात आणि तुमची मागणी त्यात वाहून जाते.

त्याच वेळी पोलिसांकडून खात्री करून घ्या. गाडी रस्त्यावरून उचलली असेल तर तुमच्या भागातल्या वाहतूक चौकीला माहीत असतं. मुंबई वाहतूक पोलिसांचा ८४५४९९९९९९ हा क्रमांक आहे. गाडीच्या नंबरावर ई-चलान निघालं असेल तर ते महाट्रॅफिक अॅपवर दिसतं आणि गाडीशी जोडलेल्या मोबाइलवर मेसेजही येतो. इथे अनेक जण अडकतात. आरसीवर जुना मोबाइल नंबर असतो, किंवा सेकंडहँड गाडी घेतलेली असते आणि मेसेज आधीच्या मालकाला जातो. तुमचा नंबर आरटीओच्या नोंदीत बरोबर आहे का, ते हा लेख वाचताना एकदा बघून घ्या.

चौकीतही नोंद नाही, कमिटीही नाही म्हणते, वॉचमनलाही ठाऊक नाही, असं असेल तर वेळ घालवू नका. ११२ ला फोन करा आणि पोलीस ठाण्यात चोरीची तक्रार द्या.

गेटच्या बाहेर: इथे पोलिसांचा अधिकार आहे, पण त्याला रीत आहे

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२७ प्रमाणे सार्वजनिक जागी गाडी १० तास किंवा जास्त बेवारस पडून असेल, किंवा मनाई असलेल्या जागी लावलेली असेल, तर ती टो करायला किंवा जॅमर लावायला त्या हद्दीतला गणवेशातला पोलीस अधिकारी परवानगी देऊ शकतो. म्हणजे टोइंग व्हॅनवरची मुलं स्वतःच्या मर्जीने गाडी उचलू शकत नाहीत, सोबत वर्दीतला पोलीस लागतोच. टो करण्याचा खर्च गाडीमालकाकडून वसूल होतो, हेही त्याच कलमात आहे.

त्याच कायद्यात ‘सार्वजनिक जागे’ची व्याख्या आहे: जिथे जाण्याचा लोकांना हक्क आहे अशी जागा. सोसायटीचं आवार, जिथे वॉचमन विचारल्याशिवाय सोडत नाही, ते साधारणपणे यात बसत नाही. म्हणूनच वाहतूक पोलीस स्टिल्टमध्ये शिरून गाडी उचलत नाहीत, आणि ‘पोलिसांना सांगून आतली गाडी उचलायला लावू’ ही कमिटीची धमकी बहुतेक वेळा पोकळ असते.

मुंबईत खरी गोची गेटच्या बाहेरच्या पट्ट्यात होते. आपल्या इमारतीच्या भिंतीला लागून जी जागा आहे ती आपलीच, असं वर्षानुवर्षं समजलं जातं. तिथे सोसायटीने ‘फक्त सदस्यांसाठी’ असा बोर्ड लावलेला असतो, कुंड्या ठेवलेल्या असतात, एखाद्याने साखळीसुद्धा लावलेली असते. पण रस्तारुंदीत गेलेला सेटबॅकचा तुकडा (रस्त्यासाठी सोडावा लागलेला प्लॉटच्या कडेचा पट्टा) महापालिकेकडे सोपवलेला असेल तर तो रस्ताच असतो. सोसायटीच्या बोर्डाला तिथे काही अर्थ नाही, आणि तिथून गाडी उचलली गेली तर ‘ही आमची पार्किंग आहे’ हे म्हणणं टिकत नाही. मोठ्या लेआउटमधले आतले रस्ते महापालिकेकडे गेले असतील तर तिथेही हेच. जागा कोणाची याचं उत्तर मंजूर नकाशात असतं. सोसायटीच्या कपाटात तो नसेल तर महापालिकेच्या इमारत प्रस्ताव विभागाकडे माहिती अधिकारात मागा. अर्जाला १० रुपये लागतात आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे.

उलट बाजूही लक्षात ठेवा. दुसऱ्या कोणी तुमच्या गेटच्या तोंडाशी गाडी लावून वाट अडवली असेल तर तो नियमभंगच आहे. आवाराच्या प्रवेशमार्गात अडथळा होईल अशी गाडी लावायला २०१७ च्या मोटार वाहन चालन विनियमांत मनाई आहे. अशा वेळी वाहतूक पोलिसांना बोलावणं हाच बरोबर रस्ता आहे, हवा सोडणं किंवा काच फोडणं नव्हे.

गाडी सोडवायला लायसन्स, आरसी, विमा आणि पीयूसी लागतं. डिजीलॉकरमधली कागदपत्रं चालतात. पावती घेतल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. दंड अन्यायाचा वाटत असेल तर तिथे हुज्जत घालण्यापेक्षा गाडी ताब्यात घ्या आणि चलानाविरुद्ध वाहतूक पोलिसांकडे लेखी तक्रार करा. मनाईचा बोर्ड नव्हता, किंवा झाडाआड होता, तर त्याचा त्याच दिवशीचा फोटो जोडा. चलान मान्यच नसेल तर न्यायालयात बाजू मांडता येते.

गाडी ताब्यात घेण्याआधी तिच्याभोवती एक फेरी मारा

गाडी मिळाल्याच्या आनंदात लोक चावी फिरवून निघतात आणि दोन दिवसांनी बंपर लोंबकळतो. मग ते नुकसान कोणी केलं हे सिद्ध करता येत नाही.

गाडी जागची हलवण्याआधी, तिथे मागे इतर गाड्या आणि चौकी दिसेल असे चारही बाजूंचे फोटो काढा. खाली वाकून पुढच्या बंपरची खालची कड पाहा, हूक किंवा पट्टा तिथेच लागतो. हँडब्रेक लावलेली गाडी ओढली असेल तर मागचे टायर एकाच जागी घासून सपाट होतात. तळहात टायरवर फिरवला की तो सपाट भाग हाताला लागतो. आमच्या भाडेकरूंच्या गाडीचे दोन्ही मागचे टायर असेच गेले होते, आणि वेग घेतला की गाडी हादरायची. ऑटोमॅटिक गाडी असेल तर जास्त जपा. ‘पी’मध्ये असताना पुढची चाकं जमिनीवर ठेवून ओढली तर गिअरबॉक्सचं नुकसान होऊ शकतं. तशी शंका असेल तर गाडी सुरू न करता सर्व्हिस सेंटरच्या फ्लॅटबेडवरून (गाडी पूर्ण वर चढवून नेणाऱ्या सपाट ट्रकवरून) न्या. इलेक्ट्रिक गाडीला तर फ्लॅटबेडशिवाय हात लावू देऊ नये.

गाडीतल्या वस्तू तपासा आणि काही नसेल तर ताबा घेतानाच लेखी द्या. सर्वसमावेशक विमा असेल तर दुरुस्तीला हात लावण्याआधी कंपनीला कळवा आणि सर्व्हे होऊ द्या. आधी गॅरेजमध्ये दुरुस्ती आणि मग क्लेम, असं केलं की क्लेम अडकतो.

गेटच्या आत: कमिटीला काय करता येतं आणि काय नाही

हा भाग नीट वाचा, कारण बहुतेक भांडणं इथेच होतात.

सहकारी गृहनिर्माण संस्थेतली पार्किंगची जागा फ्लॅटसारखी मालकीची नसते. सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१० रोजी दहिसरच्या पांचाली सोसायटीच्या प्रकरणात स्पष्ट केलं की बिल्डरला स्टिल्ट किंवा उघडी पार्किंगची जागा स्वतंत्रपणे विकता येत नाही. २०१६ च्या रेरा, म्हणजे स्थावर संपदा कायद्यातही उघडी पार्किंग सामाईक जागेत मोडते. गॅरेज म्हणजे ज्याला छप्पर आणि तीन बाजूंना भिंती आहेत ती जागा, ती वेगळी. त्यामुळे ‘मी बिल्डरला पार्किंगचे अमुक लाख दिले’ हे वाक्य उघड्या किंवा स्टिल्टमधल्या जागेसाठी फारसं उपयोगी पडत नाही. तुमचा हक्क संस्थेने केलेल्या वाटपातून येतो. नव्या टॉवरमध्ये मशीनच्या पार्किंगचा क्रमांक आणि माप करारात लिहिलेलं असेल तर तो कागद अर्थातच जोरदार आहे.

आदर्श उपविधींत, म्हणजे गृहनिर्माण संस्थांसाठीच्या सरकारी नमुना नियमांत, क्रमांक ७८ पासून पुढे पार्किंगचे नियम आहेत. जागा पुरेशा असतील तर आधी येईल त्याला आधी, गाड्या जास्त आणि जागा कमी असतील तर सोडत, एका सदस्याला साधारण एकच जागा, आणि आणखी शिल्लक असेल तरच दुसरी, तीही वर्षापुरती. तुमच्या संस्थेने नोंदवलेले उपविधी यापेक्षा वेगळे असू शकतात, म्हणून तुमचीच प्रत काढून वाचा. वाटपाचं पत्र, सर्वसाधारण सभेचा ठराव आणि मेंटेनन्सच्या बिलात येणारी पार्किंगची रक्कम, हे तीन कागद एकत्र ठेवा. बिलातली ती एक ओळ मी फार मोलाची मानतो. दर महिन्याला संस्था तुमच्याकडून त्या जागेचे पैसे घेत असेल तर ‘ही जागा तुमची नाहीच’ म्हणणं तिला जड जातं.

नियम मोडला तर संस्थेने करायचं काय, तेही उपविधींत आहे: कारणे दाखवा नोटीस, सदस्याचं म्हणणं ऐकणं, सर्वसाधारण सभेत ठरलेला दंड, आणि आदर्श उपविधींप्रमाणे तोही एका आर्थिक वर्षात ५,००० रुपयांच्या आत. सदस्याची गाडी परस्पर ओढून रस्त्यावर ठेवणं त्यात बसत नाही. जॅमरचंही मला हेच वाटतं. अनेक सोसायट्या सर्रास जॅमर लावतात आणि हजार-दोन हजार घेऊन सोडतात, पण सर्वसाधारण सभेचा ठराव नाही, नोटीस नाही आणि पावतीही नाही, अशी वसुली म्हणजे अडवणूक आहे.

मग खरोखर गाडी हलवावीच लागली तर? आग लागली आहे आणि बंबाची वाट अडली आहे, पाइप फुटला आहे, भिंत कलली आहे, अशा वेळी गाडी हलवण्यात काही चूक नाही, आणि मी स्वतः त्याच्या बाजूने उभा राहीन. पण टाकी साफ करायची तारीख आठवडाभर आधी ठरलेली असते. आमच्या कमिटीने त्या कुटुंबाला तारखेबद्दल एक मेसेजही केला नव्हता, आणि गाडी आवारातच दुसरीकडे सरकवता आली असती तरी ती रस्त्यावर ठेवली. मी त्या रात्री हजर नव्हतो, पण कमिटीत होतो, आणि ही जबाबदारी संस्थेचीच होती असं मी सभेत सांगितलं.

लेखी तक्रार, आणि ती कोणाच्या सहीने

तक्रार सेक्रेटरींच्या नावे, कागदावर, दोन प्रतींत द्या आणि एका प्रतीवर शिक्का, सही, तारीख घ्या. घेतच नसतील तर स्पीड पोस्टने पाठवा. आदर्श उपविधींप्रमाणे अशी तक्रार कमिटीच्या पुढच्या सभेत ठेवून निर्णय त्यानंतर १५ दिवसांत कळवायचा असतो.

भाड्याने राहत असाल तर पत्र घरमालकाच्या सहीने जाऊ द्या, कारण संस्थेचा सदस्य तो आहे. लिव्ह अँड लायसन्सच्या करारात पार्किंगचा उल्लेख आहे का तेही पाहा. तो नसला की कमिटी पहिला आक्षेप तिथेच घेते.

पत्रात रडगाणं नको. असा मजकूर पुरतो:

‘माझी अमुक क्रमांकाची गाडी संस्थेने वाटप केलेल्या जागा क्र. ७ वर उभी असताना अमुक तारखेला रात्री ११.४० नंतर क्रेनने हलवण्यात आली. मला पूर्वसूचना दिलेली नव्हती. हा निर्णय कोणी व कोणत्या ठरावाने घेतला, याची माहिती व संबंधित इतिवृत्ताची प्रत मिळावी. टोइंग दंड, दोन टायर व बंपर यांचा एकूण खर्च, बिलांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत, १५ दिवसांत परत करावा.’

‘कोणत्या ठरावाने’ हा प्रश्न वगळू नका. बहुतेक ठिकाणी ठराव नसतोच, आणि हे कळलं की कमिटीचा सूर बदलतो.

पोलीस, उपनिबंधक, सहकार न्यायालय

कमिटीने गाडी कुठे ठेवली ते सांगितलं असेल तर चोरीचा गुन्हा सहसा टिकत नाही, कारण चोरीला लबाडीचा हेतू लागतो. पोलीस ‘हे सोसायटीचं अंतर्गत प्रकरण आहे’ म्हणतील तेव्हा चोरी चोरी म्हणत बसू नका, नुकसानीवर बोला. मुद्दाम नुकसान केल्याचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२४ मध्ये आहे, पण त्यातही हेतू किंवा जाणीव दाखवावी लागते. निदान एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) तरी नोंदवून घ्या आणि प्रत मागा.

वाटपच नियमाप्रमाणे झालेलं नाही, इतिवृत्त दाखवत नाहीत, सोडत काढत नाहीत, अशा तक्रारी तुमच्या वॉर्डाच्या सहकारी संस्थांच्या उपनिबंधक कार्यालयात करायच्या. ते संस्थेला निर्देश देऊ शकतात. पण नुकसानभरपाईची रक्कम किंवा ‘माझी जागा काढून घेऊ नका’ असा मनाई हुकूम हवा असेल तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयात दावा करावा लागतो. तिथे तातडीचा अंतरिम आदेश मागता येतो. दावा मात्र लांबतो आणि वकिलाची फी टायरच्या किमतीपेक्षा जास्त होते. दोन-चार हजारांचा मामला असेल तर मी न्यायालयाचा सल्ला देणार नाही. पार्किंगची जागाच हातची जात असेल तर जरूर जा, आणि लवकर जा.

मधल्या काळात रागाने मेंटेनन्स थांबवू नका. थकबाकीदार ठरलात की विषय पार्किंगचा राहत नाही, वसुलीचा होतो.

तुमच्या जागेवर दुसऱ्याची गाडी असेल तर

फोटो, वॉचमनला सांगणं, गाडीवर चिठ्ठी, सेक्रेटरींना लेखी, या क्रमाने जा. गाडी बाहेरच्या कोणाची असेल आणि मालक सापडत नसेल तर पोलिसांना नंबर द्या, ते मालकापर्यंत पोहोचू शकतात. स्वतः क्रेन बोलावू नका. जागा तुमची असली तरी ओढताना त्या गाडीचं काही झालं तर भरपाईचा प्रश्न तुमच्या दारात येतो.

आमच्या त्या प्रकरणात शेवटी सर्वसाधारण सभेने दंड, टायर आणि बंपरचा खर्च संस्थेच्या खात्यातून द्यायचं ठरवलं. त्याच सभेत आणखी एक ठराव झाला, तो तुमच्या वार्षिक सभेतही मांडून पाहा. काम असेल तर ७ दिवस आधी नोटीस बोर्डवर आणि फोनवर कळवायचं, गावी जाणाऱ्याने चावी शेजाऱ्याकडे ठेवून त्या शेजाऱ्याचं नाव वॉचमनच्या रजिस्टरात लिहायचं, आणि चेअरमन, सेक्रेटरी, खजिनदार या तिघांपैकी दोघांच्या लेखी सहीशिवाय क्रेन गेटच्या आत घ्यायची नाही. रजिस्टरच्या पहिल्या पानावर हे चिकटवलेलं आहे आणि वॉचमन बदलला की नव्याला आधी तेच पान वाचून दाखवतात.